पाटणचा मठ आणि मोडलेला वेळू

खानदेशात चाळीसगावजवळ, डोंगराच्या कुशीत पाटण नावाचं जुनं ठाणं होतं. आज लोक तिथे पाटणादेवीच्या दर्शनाला जातात. तिथल्या देवळातला एक शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. वैद्यकी सांभाळून हा माणूस जुन्या पोथ्या, नाणी आणि शिलालेख यांच्या मागे लागलेला असे. आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिषांचा काळ ठरवणारा त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, आणि त्यात पाटणच्या या लेखाची हकिगत होती.

लेख मुख्यतः संस्कृतात आहे. त्यात एका घराण्याची वंशावळ दिली आहे: त्रिविक्रम, भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळवणारा भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा मुलगा भास्कर, म्हणजेच ‘लीलावती’कर्ते भास्कराचार्य. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपालाने त्याला पाटणहून बोलावून नेलं आणि आपल्या पदरच्या पंडितांत अग्रस्थानी बसवलं. लक्ष्मीधराचा मुलगा चंगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चंगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवायचे, असं लेखात स्पष्टच नोंदवलं आहे.

मठ म्हटला की खर्च आला. तो कसा भागायचा, तेही त्याच दगडावर आहे. इ.स. १२०७च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, यादवांचा मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. दानाची कलमं लोकांना कळावीत म्हणून त्या काळच्या मराठीत कोरली आहेत. ज्ञानेश्वरीच्या ऐंशीहून अधिक वर्षं आधीची ही मराठी. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला जे उत्पन्न मिळे, त्यातलं मठाला. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल. गणिताच्या इतिहासात असा जमाखर्च क्वचितच हाती लागतो. कुणी काय शोधलं हे आपल्याला ठाऊक असतं, पण ते शिकवायला पळीभर तेल कुठून आलं, हे सहसा कळत नाही. म्हणून मला हा लेख फार मोलाचा वाटतो.

त्या मठात शिकवल्या जाणाऱ्या गणितातली एकच गोष्ट घेऊ. काटकोन त्रिकोणाचं प्रमेय आपण पायथागोरसच्या नावाने शिकलो. ते त्याच्याही आधी बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर वापरात होतं. भिंतीला टेकवलेली तुळई वरून थोडी घसरली, तर तिचं खालचं टोक भिंतीपासून किती सरकेल, असं उदाहरण त्या पाट्यांवर सोडवलेलं आहे. आपल्याकडे यज्ञवेदी दोरीने आखणाऱ्या बौधायनाने शुल्बसूत्रात तेच तत्त्व मांडलं: लांबट चौकोनाच्या दोन बाजू वेगवेगळं जेवढं क्षेत्र देतात, तेवढं कर्णाची दोरी एकटी देते. त्याने जोड्याही दिल्या आहेत: तीन-चार, बारा-पाच, पंधरा-आठ, सात-चोवीस, बारा-पस्तीस, पंधरा-छत्तीस. मान पहिला कुणाचा, यावर लोक हिरिरीने भांडतात. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. प्रमेय एका ओळीचं आहे. ते पाठ करायला एक सकाळ पुरे. मग पिढ्यान् पिढ्यांच्या पोरांना ते वापरता कसं येऊ लागलं? वाऱ्याने वाकलेल्या कमळात काटकोन त्रिकोण दडलाय, हे ओळखायला त्यांना कुणी शिकवलं? याचं उत्तर शोधायचं तर पाटणच्या मठातल्या पोथीकडेच जावं लागतं.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला; जन्मशक आणि वय दोन्ही त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. या ग्रंथातला पहिला भाग ‘लीलावती’. त्यात बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात होऊन त्रैराशिक, व्याज, श्रेढी असं करत करत क्षेत्रव्यवहार येतो, म्हणजे आकृत्यांचं गणित. तिथे आरंभीच तीन नावं ठरतात: आडवी बाजू भुज, उभी बाजू कोटी आणि तिरकी बाजू कर्ण. भुज तीन, कोटी चार, तर कर्ण पाच. इथवर सगळं सरळ आहे.

पण नियम सांगून झाल्यावर लगेच भास्कराचार्य दोन साधी बीजसूत्रं मांडतात. दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट घेऊन तीत त्यांच्या वजाबाकीचा वर्ग मिळवला, की त्यांच्या वर्गांची बेरीज मिळते. आणि त्यांची बेरीज गुणिले वजाबाकी केली, की त्यांच्या वर्गांची वजाबाकी मिळते. वरवर पाहता ही दोन सूत्रं तिथे आडवाटेला आल्यासारखी दिसतात; भुज-कोटी-कर्णाच्या गप्पांत त्यांचं काय काम, असं वाटतं. पुढे वाचत गेलं की कळतं, पहिल्या सूत्रात प्रमेयाची उपपत्ती आहे आणि दुसऱ्यात जवळजवळ सगळ्या अवघड उदाहरणांची किल्ली आहे. शिकवणाऱ्याने दोन्ही अवजारं आधीच शिष्याच्या हाती दिली आहेत.

मग येतो वेळू. सपाट जमिनीवर बत्तीस हात उंचीचा वेळू उभा आहे. वाऱ्याने तो मध्येच एका जागी मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तो बुंध्यापासून किती हातांवर मोडला?

नुसतं प्रमेय पाठ असलेला विद्यार्थी इथे अडकतो. त्याला दोन बाजू लागतात आणि हाती एकच आहे: सोळा हातांचा भुज. उभा राहिलेला तुकडा ही कोटी, आडवा झालेला तुकडा हा कर्ण; दोन्ही अज्ञात. माहीत आहे ती फक्त त्यांची बेरीज, बत्तीस, कारण मोडला तरी वेळू तोच. आता दुसरं सूत्र काढायचं. कर्णाच्या वर्गातून कोटीचा वर्ग वजा केला तर भुजाचा वर्ग उरतो, २५६. हीच वर्गांची वजाबाकी बेरीज गुणिले वजाबाकी एवढीही आहे. बेरीज ३२ आहे, म्हणून वजाबाकी २५६ भागिले ३२, म्हणजे ८. बेरीज बत्तीस आणि वजाबाकी आठ असलेल्या संख्या काढणं याला संक्रमण म्हणतात, ते ग्रंथात आधीच शिकवून झालं आहे: कर्ण वीस, कोटी बारा. वेळू बारा हातांवर मोडला. पडताळा पाहा: बाराचा वर्ग १४४, सोळाचा २५६, बेरीज ४००, म्हणजे वीसचा वर्ग. तीन-चार-पाचचाच त्रिकोण चौपट होऊन आला आहे.

वेळूच्या पाठोपाठ मोर येतो. नऊ हात उंच खांबावर पाळलेला मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे सत्तावीस हातांवरून, साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि तो तिरकी झेप घेतो. दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? इथे वारा नाही, वेळू नाही. पण साप जेवढा सरपटला तेवढाच मोर उडाला, म्हणून बिळापासून भेटीच्या जागेपर्यंतचं अंतर आणि मोराची झेप यांची बेरीज सत्तावीस. हा तोच मोडलेला वेळू आहे, आडवा पडलेला. नऊचा वर्ग ८१, भागिले २७ बरोबर ३. सत्तावीसातून तीन वजा करून निम्मे केले की उत्तर बारा हात. दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी ठेवण्यात अध्यापकाची सगळी हुशारी दिसते. पहिल्यात रीत शिकवली, दुसऱ्यात ती रीत ओळखता येते का ते पाहिलं.

कमळाच्या उदाहरणात हा अध्यापक आणखी एक पाऊल पुढे जातो. हंस-चक्रवाकांनी गजबजलेल्या तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात दिसते. वाऱ्याने हळूहळू कलत ती दोन हातांवर पाण्यात बुडाली. पाणी किती खोल? देठाची लांबी हा कर्ण, पाण्याची खोली ही कोटी. या वेळी बेरीज माहीत नाही, वजाबाकी माहीत आहे: अर्धा हात. म्हणून भागाकार उलटा करायचा. दोनचा वर्ग चार, भागिले अर्धा बरोबर आठ, ही बेरीज. आठातून अर्धा वजा, साडेसात. त्याचं निम्मं पावणेचार हात. किल्ली तीच, फक्त उलटी फिरवली.

माकडांच्या उदाहरणात तर बेरीज आणि वजाबाकी दोन्ही लपवलेल्या आहेत. शंभर हात उंच झाड, दोनशे हातांवर विहीर. एक माकड झाडावरून उतरून चालत विहिरीवर जातं. दुसरं शेंड्यावरून थोडं वर उडी मारून तिथून तिरकं थेट विहिरीवर येतं. दोघांचं अंतर सारखंच भरतं. उडी किती? पन्नास हात. ज्याला हे उदाहरण कुणी न सांगता सुटलं, त्याला काटकोन त्रिकोण आला असं खुशाल समजावं.

ही उदाहरणं भास्कराचार्यांनी शून्यातून काढली असं नाही. त्यांच्या पाचशे वर्षं आधी, इ.स. ६२९ मध्ये, त्यांच्याच नावाच्या पहिल्या भास्कराने आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. त्यात वेळू आहे, कमळ आहे, आणि मोर-सापाच्या जागी ससाणा आणि उंदीर आहेत. चीनमधल्या ‘नऊ अध्याय’ या त्याहून जुन्या ग्रंथात दहा चिह (चिह हे तिथलं लांबीचं माप) उंचीचा वेळू मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून तीन चिहांवर टेकतो, आणि दहा चिह रुंदीच्या तळ्याच्या मध्यभागी एक चिह वर डोकावणारा वेत काठापर्यंत ओढला जातो. चीनच्या वेळूचं उत्तर चार आणि अकरा-विसांश असं अपूर्णांकात येतं. आपल्या वेळूचं बारा असं नीट पूर्णांकात. पोराने पहिल्यांदाच रीत वापरायची असेल तर उत्तर स्वच्छ यावं, ही काळजी मला त्या बत्तीस आणि सोळा या आकड्यांत दिसते.

पण सगळे आकडे असे सोयीचे नाहीत, आणि जग तसं नसतं हे त्यांनी लपवलेलंही नाही. भुज सव्वातीन, कोटी सव्वातीन, तर कर्ण किती, असं एक उदाहरण आहे. कर्णाचा वर्ग १६९ अष्टमांश येतो आणि त्याचं वर्गमूळ सुटत नाही. तिथे जवळचं मूळ काढायची रीत दिली आहे. छेद आणि अंश यांचा गुणाकार करायचा, त्याला दहा हजारांसारख्या मोठ्या वर्गसंख्येने गुणायचं, आलेल्या १,३५,२०,०००चं जवळचं मूळ ३,६७७ घ्यायचं आणि त्याला शंभर गुणिले आठ, म्हणजे आठशेने भागायचं. उत्तर चार पूर्णांक ४७७ छेद ८००. या उत्तराचा वर्ग करून पाहिला तर २१.१२५च्या ऐवजी २१.१२५५ येतो. खडूने नाही, धुळीने भरलेल्या पाटीवर बोटाने किंवा काडीने आकडे काढत आणि पुसत ही माणसं एवढी बारीक आकडेमोड करत होती.

आणखी एक जागा मला फार आवडते. त्रिकोणाच्या बाजू तीन, सहा आणि नऊ अशा कुणी सांगितल्या तर? भास्कराचार्य म्हणतात, असं क्षेत्रच होत नाही. सर्वांत मोठी बाजू उरलेल्यांच्या बेरजेहून लहानच असली पाहिजे. आणि पटत नसेल त्याच्यासाठी उपाय आहे: तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घ्या, जमिनीवर मांडा आणि दाखवा. सूत्राच्या बळावर गप्प बसवता आलं असतं. त्याऐवजी काड्या मांडायला सांगणारा हा गुरू आहे.

नियम खरा कशावरून, याचं उत्तर ‘लीलावती’त नाही, ते सिद्धान्तशिरोमणीच्या पुढच्या भागात, ‘बीजगणिता’त आहे. भास्कराचार्यांनी आकृती काढून खाली फक्त ‘पहा’ एवढंच लिहिलं, अशी गोष्ट गणिताच्या पुष्कळ पुस्तकांत सांगतात. मूळ ग्रंथात ते त्याहून बरंच जास्त बोलले आहेत. पंधरा आणि वीस हे भुज-कोटी घेऊन कर्ण किती आणि रूढ रीतीची उपपत्ती काय, असा प्रश्नच ते मांडतात आणि दोन वाटांनी सोडवतात. एका वाटेने कर्णालाच पाया मानून काटकोनातून त्यावर लंब टाकायचा. दोन लहान त्रिकोण होतात, दोन्ही मूळ त्रिकोणाच्याच घाटाचे. त्रैराशिकाने पायाचे दोन तुकडे निघतात: २२५ भागिले कर्ण आणि ४०० भागिले कर्ण. दोघे मिळून कर्ण. म्हणून कर्णाचा वर्ग ६२५.

दुसऱ्या वाटेने असे चार त्रिकोण घेऊन चौरस रचायचा, प्रत्येकाचा कर्ण बाहेरच्या बाजूला. मध्ये एक लहान चौरस रिकामा राहतो. त्याची बाजू वीस वजा पंधरा, पाच. चार त्रिकोणांचं क्षेत्र प्रत्येकी १५० प्रमाणे ६००, मधल्या चौरसाचं २५, एकूण ६२५, मूळ पंचवीस. आता ‘लीलावती’तलं ते पहिलं बीजसूत्र आठवा: गुणाकाराची दुप्पट अधिक वजाबाकीचा वर्ग. दुप्पट गुणाकार म्हणजे हे चार त्रिकोण, आणि वजाबाकीचा वर्ग म्हणजे मधला चौरस. अंकगणितात जे पाठ करून घेतलं होतं त्याचं चित्र बीजगणितात दाखवलं. पाटणच्या मठात हे ग्रंथ एकामागून एक शिकवले जात. म्हणजे पोराने आधी वेळू मोडायचा, मोर उडवायचा आणि मग पुढच्या ग्रंथात आपण इतके दिवस काय वापरत होतो ते समजून घ्यायचं. कारण आधी की वापर आधी, यावर शिक्षक आजही वाद घालतात. मला स्वतःला ही उलटी वाट पटते. ज्याने चार त्रिकोण आधी हाताळले आहेत त्यालाच ती चौरसाची आकृती पाहून आनंद होतो.

यादवांचं राज्य गेलं, मठही काळाच्या ओघात गेला. पोथी मात्र गेली नाही. सोळाव्या शतकात ती कोकणच्या किनाऱ्यावर, नांदगावला, पुन्हा मोठ्या माणसाच्या हाती आली. केशव दैवज्ञ आणि त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ हे तिथले. गणेश दैवज्ञांचं ‘ग्रहलाघव’ शके १४४२चं. ज्या-चापांच्या किचकट गणिताला फाटा देऊन ग्रह कसे काढावेत, हे त्यात आहे, आणि महाराष्ट्रातले पंचांगकर्ते पिढ्यान् पिढ्या त्यावरच चालले. त्याच गणेश दैवज्ञांनी इ.स. १५४५मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. ‘लीलावती’त मूळ ग्रंथकाराने ज्या नियमांची कारणं दिली नव्हती, त्यांच्या उपपत्त्या या टीकेत आल्या, भुज-कोटी-कर्णाचीही आली. बीजगणितात उशिरा भेटणारं उत्तर आता वेळूच्या शेजारीच बसलं. पाटणच्या दगडापासून हे अंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांचं होतं.

त्यानंतर ‘लीलावती’ दूर दूर गेली. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये तिचं फारसी भाषांतर केलं. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, घटिकापात्रात पडलेला मोती आणि टळलेला लग्नमुहूर्त ही सगळ्यांना ठाऊक असलेली कथा त्याच्याच प्रस्तावनेतून पसरली. १८१६ साली डॉ. जॉन टेलर यांचं इंग्रजी भाषांतर खुद्द मुंबईत छापलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी लंडनला कोलब्रुक यांचं आलं. कोलब्रुक यांनी तळटिपांत गणेश दैवज्ञांच्या टीकेचा भरपूर आधार घेतला, त्यामुळे युरोपातल्या वाचकाला वेळू आणि त्यामागचं कारण दोन्ही एकाच पुस्तकात मिळालं.

याच सुमारास इकडच्या इंग्रजी वळणाच्या शाळांत युक्लिडची भूमिती शिरत होती. तीत वेळू नव्हता, माकडं नव्हती. व्याख्या, गृहीतकं आणि सिद्धांत यांची शिस्तबद्ध उतरंड होती. संस्कृत पाठशाळेतला विद्यार्थी ‘लीलावती’ घोकत होता, इंग्रजी शाळेतला युक्लिड. एकाला उदाहरणं सुटत, दुसऱ्याला सिद्धता मांडता येई. दोघांची ओळख व्हायची कशी?

ती एका पुणेकरात झाली. बापूदेव शास्त्री यांचा जन्म १८२१चा, पुण्यातला. घराणं नगर जिल्ह्यातल्या टोक्याचं. नागपूरला धुंडिराज मिश्र यांच्यापाशी त्यांनी ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ केलं. सिहोरचे इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांना या मुलाची बुद्धी दिसली आणि त्यांनी त्याला सिहोरच्या पाठशाळेत नेलं. तिथे सिद्धान्तग्रंथांबरोबर त्याचा युक्लिडशी परिचय झाला. १८४२ साली बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात रेखागणित शिकवायला रुजू झाले. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकात युक्लिड अरबीतून संस्कृतात आणला होता, त्यालाच रेखागणित म्हणत. बापूदेवांनी ते चाळीसहून अधिक वर्षं शिकवलं, आणि त्याच काळात १८६६ साली सिद्धान्तशिरोमणीची आणि १८८३ साली ‘लीलावती’ची आवृत्ती स्वतः शोधून छापून काढली. तोवर भाऊ दाजींचा निबंध प्रसिद्ध झाला होता, आणि पुढे दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित भारतीय ज्योतिषाचा मराठीतला पहिला मोठा इतिहास लिहिणार होते. १८९६ साली तो ग्रंथ निघाला, त्यात गणेश दैवज्ञांचीही कामगिरी आहे आणि बापूदेवांचीही.